पेशंट समोर नसताना जनावरांच्या पालकांच्या प्रश्नांना उत्तर कसं द्यायचं: व्हेट मंडळींसाठी (म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांसाठी)

कॉलेजात आपल्याला सर्जरी शिकवतात, फार्माकॉलॉजी शिकवतात, पण "डॉक्टर, आमचा कुत्रा सकाळपासून गप्प गप्प आहे, काय करू?" या एका ओळीच्या मेसेजला काय लिहायचं हे कुणी शिकवत नाही. आणि प्रश्न तर येतच राहतात, फोनवर, मेसेजवर, लग्नात जेवणाच्या रांगेत सुद्धा. त्यामुळे हा लेख, नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्यांसाठी जरा जास्तच.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या, बाकी सगळं त्यातूनच येतं. पालक विचारतात "याला काय झालं असेल?", पण त्यांना खरं हवं असतं ते म्हणजे आत्ता निघू, सकाळी नेऊ, की घरीच लक्ष ठेवू. हात न लावता, पोट न चाचपता, ताप न मोजता केलेलं निदान हा शेवटी अंदाजच असतो, पण घाई किती आहे हे चार नीट विचारलेल्या प्रश्नांवरून बऱ्यापैकी ठरवता येतं. तेवढं ठरवून दिलं की तुमचं अर्ध्याहून जास्त काम झालं.

आधी आपली हद्द ठरवा

तीन कामं वेगळी आहेत आणि ती मिसळली की गोंधळ होतो. पहिलं, सर्वसाधारण माहिती देणं, म्हणजे पिल्लाला लस कधीपासून, नखं कशी कापायची वगैरे. दुसरं, घाई किती ते सांगणं. तिसरं, एका ठराविक जनावराचं निदान करून औषध लिहून देणं. पहिली दोन कुणाच्याही बाबतीत करता येतात. तिसऱ्यासाठी ते जनावर तुमचा पेशंट असावं लागतं, आणि "तुमचा पेशंट" कधी म्हणायचं याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर २०२३ पासून नियम बदलले आणि प्रत्यक्ष तपासणी कधी लागेल हे बरंचसं व्हेटच्या निर्णयावर सोडलं, तरी अँटिबायोटिक्स लिहायची तर अपवाद सोडून तपासणी करावीच लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून व्हिडिओ कॉलवर सुद्धा हे व्हेट-पेशंटचं नातं सुरू करायला परवानगी दिली, बाकी बऱ्याच राज्यांत अजून प्रत्यक्ष बघावंच लागतं. आपल्याला जिथलं लायसन्स आहे तिथला नियम एकदा नीट वाचून ठेवा, ऐकीव माहितीवर राहू नका.

आणि अनोळखी जनावराला डोस सांगायचा नाही. कायदा सैल असला तरी नाही. कारण बघा, वजन पालकांनी डोळ्याने ठरवलेलं असतं, गोळी किती मिलिग्रॅमची ते त्यांना माहीत नसतं, एखाद्या सिरपमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असतं आणि कुत्र्याची शुगर त्याने तासाभरात कोसळू शकते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधी कुठेतरी स्टेरॉइडचं इंजेक्शन झालेलं असतं जे तुम्हाला कुणी सांगत नाही. त्यावर तुम्ही साधं पेनकिलर सांगितलं की पोटात अल्सर, कधी कधी आतड्याला भोकच. कॉली जातीच्या कुत्र्यांत एमडीआर-१ जीनमध्ये बदल असला तर आयव्हरमेक्टिनचा (हे जंत-गोचिडांवरचं औषध) जास्त डोस थेट मेंदूवर जातो, आणि "मिक्स ब्रीड आहे" म्हणणाऱ्याच्या कुत्र्यात कॉलीचं रक्त आहे की नाही हे तुम्हाला फोटोवरून काय कळणार.

पायरी पहिली: उत्तर लिहायच्या आधी लाल दिवे शोधा

मेसेज पूर्ण वाचा, मग परत वाचा, कारण महत्त्वाची गोष्ट हमखास शेवटच्या ओळीत "आणि हो" म्हणून आलेली असते. खालच्यातलं काही दिसलं तर बाकीचे प्रश्न विचारत बसू नका, पहिलं वाक्य "आत्ता निघा" एवढंच लिहा:

- श्वासाला त्रास, मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर
- फिट ५ मिनिटांपेक्षा लांबली किंवा २४ तासांत दोनदा आली
- पोट फुगलंय आणि उलटीसाठी जोर करतोय पण बाहेर काहीच येत नाही, खास करून मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यात
- शू होत नाहीये
- मांजराचे मागचे पाय अचानक गेले, गार पडले, ओरडतंय
- विष, माणसांची औषधं, उंदराचं औषध, यातलं काही पोटात गेलंय
- उन्हाने किंवा बंद गाडीत तापलंय, कोसळलंय
- डोळ्याला लागलंय, डोळा बाहेर आलाय किंवा अचानक बंद ठेवतंय
- सशाने १२ तासांत काही खाल्लं नाही आणि लेंड्याही नाहीत

शू वाल्या मुद्द्यावर थोडं थांबतो कारण तो तसा लिहून कधीच येत नाही. येतं ते असं: "बोक्याला दोन दिवस शी होत नाहीये, सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय, पोट साफ व्हायचं काहीतरी सांगा ना." बोका कुंथताना बघितला की माणसाला बद्धकोष्ठच वाटतं, दोन्हीची बसायची पद्धत लांबून सारखीच दिसते. तुम्ही जर प्रश्नाला प्रश्नासारखं उत्तर दिलं, म्हणजे फायबर आणि पाणी वाढवा म्हणालात, तर मूत्रमार्ग बंद झालेला बोका घरीच रक्तातलं पोटॅशियम चढून एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. म्हणून बोका आणि कुंथणं हे दोन शब्द एकत्र दिसले की उलटा प्रश्न टाकायचा: "लिटरमध्ये शूचे ओले गोळे शेवटचे कधी दिसले? खालची जागा सारखी चाटतोय का?" ओले गोळे दिसले नसतील किंवा पालकांना आठवतच नसेल तर त्याला अडकलेलाच धरायचं आणि आत्ता न्यायला सांगायचं. जाऊन खरंच बद्धकोष्ठ निघालं तर उत्तमच, एक फेरी पडली इतकंच.

पायरी दुसरी: चार गोष्टी विचारा, चौदा नाही

लाल दिवा नसेल तर माहिती घ्या, पण हॉस्पिटलच्या फॉर्मसारखी यादी पाठवू नका, घाबरलेला माणूस पहिल्या दोनाची उत्तरं देतो आणि बाकीची सोडून देतो. जात, वय, वजन, नर की मादी, नसबंदी झालीय का हे एका वाक्यात विचारा. मग काय बदललं आणि कधीपासून. मग खाणं, पाणी, शी, शू. आणि शेवटी, आत्तापर्यंत घरी काय काय दिलंय.

हा शेवटचा प्रश्न विचारायची एक पद्धत आहे. "काही औषध दिलं का?" विचारलंत तर "नाही" येतं, कारण लोकांच्या लेखी घरगुती उपाय, तेलं, माणसांची तापाची गोळी हे "औषध" नसतंच, शिवाय ओरडा बसेल ही भीती. त्यापेक्षा असं लिहा: "बरेच जण अशा वेळी घरातलं काहीतरी देऊन बघतात, तुम्ही काय दिलंत ते सांगा म्हणजे मला पुढचं ठरवता येईल." लगेच खरं बाहेर येतं. मांजराला पॅरासिटामॉल दिल्याचं असंच कळतं, आणि तिथे तर मिनिट वाया घालवायचं नाही, मांजराच्या लिव्हरमध्ये ते निकामी करायची व्यवस्थाच नीट नाही, रक्त ऑक्सिजन धरेनासं होतं, ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने मांजर मरू शकतं. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध, जे मांजराला विषारी असतं, मांजराच्या मानेवर टाकलंय हे पण असंच निघतं, थरथर सुरू असते आणि पालक लिहितात "थंडी वाजतेय वाटतं".

पायरी तिसरी: पालकांकडून मोजून घ्या

"जोरात श्वास घेतोय" याला काही अर्थ नाही, प्रत्येकाचं जोरात वेगळं. आकडा मागा. झोपलेला असताना छाती ३० सेकंदांत किती वेळा वर जाते ते मोजा आणि दुप्पट करा असं सांगा. कुत्रा असो की मांजर, गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या आत हवं. हार्टचा पेशंट असेल आणि हा आकडा रोज चढत असेल तर धाप दिसायच्या आधीच तुम्हाला कळतं.

हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा ठिपका २ सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. काही जातींच्या हिरड्या काळ्याच असतात, तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघायला सांगा. थर्मामीटर असेल आणि जनावर शांत असेल तर गुदद्वारातून तापमान, साधारण ३८ ते ३९.२ सेल्सियस नॉर्मल, नाक गरम की गार यावरून ताप कळत नाही हे पण जाता जाता सांगून टाका. चावणाऱ्या, दुखत असलेल्या जनावराच्या बाबतीत मात्र हे काहीही करायला लावू नका.

फोटोपेक्षा व्हिडिओ बरा. श्वासासाठी बाजूने ३० सेकंद, लाड न करता, आवाजासकट. लंगडत असेल तर कॅमेऱ्याकडे येताना, लांब जाताना आणि बाजूने चालताना. "गुदमरतोय" म्हणून पाठवलेल्या व्हिडिओत कित्येकदा उलटी शिंक निघते, कुत्रा मान ताठ करून नाकाने घरघर आत ओढतो, मिनिटभरात थांबून शेपूट हलवत फिरतो, ते लिहून समजावता येत नाही आणि बघितलं की लगेच ओळखू येतं. फिट असेल तर व्हिडिओत वेळही कळतो, एरवी घाबरलेल्या माणसाला ४० सेकंद पाच मिनिटं वाटतात. पण तोंडात हात घालू नका हे आधी सांगा, मग व्हिडिओचं. औषध खाल्लं असेल तर पाकिटाचा फोटो, ज्यात नाव, ताकद आणि किती गोळ्या गायब आहेत हे तिन्ही दिसेल.

पायरी चौथी: उत्तराची रचना

आता लिहायचं. क्रम माझा ठरलेला आहे आणि तो सहसा मोडत नाही: आधी निर्णय, मग एका वाक्यात कारण, मग तोवर काय करायचं आणि काय करायचं नाही, आणि शेवटी कशामुळे हा निर्णय बदलेल. आपल्याला सवय उलटी, आधी शक्यतांची यादी, मग टेस्ट, आणि सगळ्यात शेवटी कुठेतरी "दाखवून घ्या". पालक पहिल्या तीन ओळी वाचतात आणि त्यात "पॅनक्रियाटायटिस" (स्वादुपिंडाची सूज) दिसलं की पुढचं वाचायचं सोडून तेच शोधत बसतात.

समजा प्रश्न आहे, तीन वर्षांची लॅब्रेडॉर, सकाळपासून दोन उलट्या, पाणी पितेय, खेळतेय, पोट फुगलेलं नाही, काल कचऱ्यात तोंड घातलं होतं. उत्तर असं काहीसं:

"आत्ता रात्री धावपळ करायची गरज दिसत नाही, घरी लक्ष ठेवू शकता, पण उद्या दुपारपर्यंतच. ती तरतरीत आहे आणि पाणी टिकतंय म्हणून हे म्हणतोय. काही तास जेवण नको, पाणी थोडं थोडं करून द्या, नंतर पचायला हलकं, नेहमीच्या पाव हिस्सा. माणसांची उलटीची गोळी देऊ नका. पुढच्यातलं एक जरी झालं तर वाट न बघता न्या: अजून दोन उलट्या, उलटीत रक्त, पाणीही टिकत नाही, पोट ताठ, गळून पडली. कचऱ्यातलं हाड, मक्याचं कणीस, कापड असं काही गायब असेल तर मला आत्ताच सांगा, मग उत्तर वेगळं आहे."

यात "उद्या दुपारपर्यंत" हा भाग सगळ्यात कामाचा. "लक्ष ठेवा" एवढंच लिहिलंत तर लोक चार दिवस लक्ष ठेवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही, तुम्हीच वेळ दिली नव्हती. आणि हाच सल्ला आठ आठवड्यांच्या पिल्लाला लागू नाही. लस अर्धवट झालेलं पिल्लू उलट्या-जुलाब करतंय तर पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) डोक्यात ठेवून त्याच दिवशी तपासायला बोलवायचं, आणि एवढ्या लहानग्याला उपाशी ठेवायचं नाही, शुगर उतरते. मांजराचंही तसंच, दोन-तीन दिवस अजिबात खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साचायला लागते, जाड मांजरात जास्त, त्यामुळे "मूड नसेल" हे उत्तर मांजराला कधीच देऊ नका.

विषबाधेचे प्रश्न: इथे हिशोब करा

बाकी ठिकाणी अंदाज चालतो, इथे कॅल्क्युलेटर काढा. चॉकलेटचं उदाहरण घेऊ कारण हा प्रश्न जगात कुठेही येतो. मिल्क चॉकलेटमध्ये कुत्र्याला बाधणारी दोन द्रव्यं, थिओब्रोमीन आणि कॅफीन, मिळून ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम, गोडसर डार्कमध्ये ५ च्या आसपास, बिनसाखरेच्या बेकिंगवाल्यात १५ च्या आसपास. कुत्र्याला किलोमागे २० मिलिग्रॅमला सौम्य लक्षणं, ४० ते ५० ला हृदयावर परिणाम, ६० च्या पुढे फिट. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट खाल्लं तर किलोमागे १०, बहुतेक उलटी-जुलाबावर निभावेल. तेच ५० ग्रॅम डार्क असेल तर २५, दाखवलेलं बरं. आणि बेकिंगचं असेल तर ७५, इथे बोलत बसायचंच नाही. नुसतं "चॉकलेट विषारी आहे" हे तिघांनाही लिहिलं तर एक उगाच रात्रभर रडतो आणि एकाचा कुत्रा जातो. हिशोब मात्र तुम्ही करा, आकडे पालकांच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. शंका असेल तर जास्तच धरा.

सगळ्या विषांना हिशोब लागू होत नाही. लिली आणि मांजर, म्हणजे लिलियम आणि हेमेरोकॅलिस या दोन्ही वर्गातल्या लिली, इथे सुरक्षित मात्रा नाहीच. अंगावर पडलेले परागकण चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी किडनी जाऊ शकते आणि पहिल्या दिवशी मांजर ठीकठाक दिसू शकतं. मनुका-द्राक्षांचंही किती खाल्ल्यावर काय होईल ते सांगता येत नाही. उंदराच्या रक्त पातळ करणाऱ्या औषधात रक्तस्राव ३ ते ५ दिवसांनी सुरू होतो, म्हणून "काल खाल्लं, आज तर मस्त आहे" यावर विसंबू नका, आज नेलं तर व्हिटॅमिन के-१ ने वाचायची शक्यता खूपच चांगली असते.

आणि घरी उलटी काढायला सांगू नका. लोक मीठ पाजतात, त्याने सोडियम वाढून वेगळीच इमर्जन्सी उभी राहते. ॲसिड, रॉकेल, बॅटरी यात तर उलटी म्हणजे दुप्पट नुकसान. "दूध पाजू का?" याला उत्तर नाही असंच, वेळ जातो फक्त.

माणसांचा प्रश्न आला की

कुत्रा चावला, मांजराने ओरबाडलं, घरात बाळ येणार आहे, हे प्रश्न जनावराचे म्हणून येतात पण आत माणूस असतो. चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायला सांगा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे पाठवा. कुत्रा-मांजराला १० दिवस निगराणीखाली ठेवतात, पण तो निकाल येईपर्यंत माणसाची लस थांबवायची की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, ते डॉक्टर ठरवतील.

गरोदरपण आणि मांजर हा प्रश्न तर "मांजर कुणाला द्यायचं" इथपर्यंत पोचूनच येतो. शांतपणे सांगा: टोक्सोप्लाझ्माची (मांजराच्या शीतून पसरणारा, गर्भाला घातक ठरू शकणारा परजीवी) अंडी शीतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्यालायक व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून लिटर रोज आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी साफ करायचं, मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही. आणि अर्धंकच्चं मांस, बागेतली माती यातून माणसाला लागण व्हायची शक्यता घरातल्या मांजरापेक्षा जास्त असते. तपासणीचं तिने तिच्या डॉक्टरांशी बोलावं. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहा, गुळमुळीत नको.

सूर

"इतके दिवस काय करत होतात?" हे वाक्य टाइप झालं असेल तर डिलीट करा. आधीच अपराधी वाटत असलेला माणूस हे वाचून जनावर घेऊन येत नाही, गायब होतो. दुसऱ्या व्हेटच्या ट्रीटमेंटबद्दल विचारलं तर त्यांनी तेव्हा काय बघितलं ते आपल्याला माहीत नाही, त्यामुळे "त्यांनाच हे तीन प्रश्न विचारा" म्हणून प्रश्न लिहून द्या. औषध कशासाठी, किती दिवस, फरक नाही पडला तर पुढे काय. पालकांना ते जास्त उपयोगी पडतं.

पैशांची अडचण सांगितली तर सगळ्या टेस्टची यादी देऊन पळू नका. एकच गोष्ट परवडत असेल तर कोणती आधी करायची हे सांगा, आपल्याला ते माहीत असतं आणि त्यांना नसतं.

सगळ्यात अवघड म्हणजे "आता झोपवायची वेळ आली का?", म्हणजे दयामरणाचा प्रश्न. यात हो किंवा नाही लिहू नका, पण "तुमचा निर्णय आहे" म्हणून हातही झटकू नका. डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांची आयुष्याच्या दर्जाची पट्टी यासाठी बरी पडते: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, प्रत्येकाला शून्य ते दहा. आठवडाभर कॅलेंडरवर चांगल्या दिवसावर टिक, वाईटावर फुली मारायला सांगा आणि ते कॅलेंडर घेऊन त्यांच्या व्हेटकडे बसायला सांगा. पण वेदना किंवा श्वासाचा त्रास आत्ताच दिसत असेल तर आठवडा कसला, त्याच दिवशी जायला सांगायचं.

उत्तर पाठवल्यानंतर

काय विचारलं, काय माहिती मिळाली, काय सांगितलं, किती वाजता, हे जपून ठेवा, स्क्रीनशॉट सुद्धा चालेल. जनावराचे फोटो परवानगीशिवाय पुढे कुठे टाकू नका. ज्या प्राण्याचं काम तुम्ही करत नाही, समजा इग्वाना किंवा पोपट, तिथे "माझा हात यात बसलेला नाही, एक्झॉटिक बघणाऱ्यांकडे न्या" एवढं लिहिलं तरी ते पूर्ण उत्तर आहे.

तुमची उत्तरं द्यायची वेळ ठरवा आणि ती सगळ्यांना आधीच कळवा, सोबत रात्री चालू असणाऱ्या हॉस्पिटलचा नंबर आपोआप जाईल असं सेट करून ठेवा. नाहीतर रात्री दोनला आलेला मेसेज तुम्ही सकाळी सातला बघता, आणि पाच तास तो माणूस फिटमध्ये असलेला कुत्रा मांडीवर घेऊन तुमच्या उत्तराची वाट बघत बसलेला असतो. आणि "उद्या दुपारपर्यंत" लिहिलं असेल तर उद्या दुपारचा रिमाइंडर स्वतःच्या फोनमध्ये पण लावा, "कशी आहे आता?" एवढंच विचारायला. उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा.